लेझर आभाळात, रेंज टेकडीवर

मे संपत आला की भंडारदऱ्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. पाऊस सुरू व्हायच्या आधीचे ते दोन-तीन आठवडे घाटघर, रतनवाडी, साम्रदच्या परिसरातली झाडं काजव्यांनी लगडलेली असतात. पुण्या-मुंबईची, नाशिकची पोरं येतात, रील काढतात आणि अपलोड करायची वेळ आली की मोबाईल डोक्यावर धरून रेंज शोधत फिरतात.

गंमत बघा. ज्या झाडाखाली आपला एक मेसेज जात नाही, त्याच झाडावर रात्रभर मेसेज चालू असतात. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे निरोपच. नर आपल्या लयीत चमकतो, मादीला लय ओळखीची वाटली तर ती उत्तर देते. तार नाही, टॉवर नाही. मध्ये फक्त हवा आणि तिच्यातून जाणारा प्रकाश. इंजिनीअर मंडळी यालाच फ्री-स्पेस ऑप्टिकल कम्युनिकेशन म्हणतात. मोकळ्या जागेतून प्रकाशाने पाठवलेला निरोप.

काजव्यांचे दोन शत्रूही इंजिनीअरच्या ओळखीचे आहेत. एक म्हणजे पर्यटकांच्या गाड्यांचे हेडलाइट. बाहेरचा प्रकाश वाढला की निरोप त्यात बुडून जातो. दुसरा म्हणजे जोराचा पाऊस. तो लागला की काजव्यांचा सीझन आटोपला. आज जगातल्या मोठमोठ्या कंपन्या आणि अंतराळ संस्था उपग्रहांवरून लेझरने डेटा पाठवतायत, तेव्हा त्यांनाही याच दोन गोष्टींशी झगडावं लागतं.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. कॉलेजच्या कट्ट्यावर हल्ली एक वाक्य सारखं ऐकू येतं. ‘आता सॅटेलाइट इंटरनेट येतंय रे, रेंजचा विषय संपला.’ खरंच संपला का? की तो फक्त आभाळात ढकलला गेला?

यादीत आपण कुठं?

आधी काय घडलंय ते बघू. जून २०२५ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने स्टारलिंकला उपग्रह सेवेचा परवाना दिला. जुलैमध्ये इन-स्पेसची मंजुरी मिळाली. त्यानंतर ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. असं करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. दुर्गम भागातल्या सरकारी संस्था, ग्रामीण वस्त्या आणि महत्त्वाच्या सार्वजनिक सुविधा उपग्रहाने जोडायच्या, असा हा बेत. त्यात नावं घेतली गेली ती गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांसारख्या जिल्ह्यांची.

या नावांबद्दल तक्रार असायचं कारण नाही. गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या पोरांचा हक्क पहिला, हे मान्यच. पण त्या यादीत अहिल्यानगरचं नाव नाही, आणि ते का नाही हेही समजण्यासारखं आहे. आपला जिल्हा म्हणजे साखर कारखाने, शिर्डी, सुप्याची एमआयडीसी, पुणे-नाशिक-संभाजीनगरच्या मधोमध असलेले हायवे. सरासरी काढली तर आपण काही मागास दिसत नाही.

सरासरीचा घोळ इथंच आहे. पावसाचंच घ्या. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. आता हा आकडा कर्जत-जामखेडच्या शेतकऱ्याला सांगा आणि घाटघरच्या माणसालाही सांगा. एक म्हणेल एवढा कधी पडला, दुसरा म्हणेल एवढा तर आठवड्यात पडतो. रेंजचंही अगदी तसंच. नगर शहरात, संगमनेरात, श्रीरामपुरात फाइव्ह-जी. आणि त्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या डोंगरकुशीतल्या वाड्यांवर रेंज येते-जाते. (हे अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे. हा खुलासा अकोलेकरांना जन्मभर करावा लागतो.)

यात कुणाचं काय अडतं? बारावीनंतरच्या प्रवेशाचं वेळापत्रक आठवा. सीईटीचा निकाल, कॅप राउंड, ऑप्शन फॉर्म, कागदपत्रं अपलोड, फी भरायची शेवटची तारीख. ही सगळी धावपळ जून ते ऑगस्टमध्ये. नेमकं तेव्हाच अकोल्याच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस ठोकत असतो, वीज गेलेली असते आणि टॉवरची बॅटरी मान टाकते. महाडीबीटीचा ओटीपी यायला आणि सेशन संपायला एकच गाठ पडते. लॉकडाउनमध्ये राज्यातल्या डोंगराळ भागातली मुलं ऑनलाइन तासासाठी टेकडीवर जाऊन बसायची, तेव्हा त्या फोटोंना आपण भरपूर लाइक दिले. लाइक देऊन झाले, टेकडी तिथंच आहे.

प्रकाशाचा निरोप जुनाच आहे

उपग्रहावरचा लेझर ऐकायला सायन्स फिक्शन वाटतो, पण कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८६९ च्या सुमारास हेन्री मान्स या तारखात्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याने कराचीत हेलिओग्राफ तयार केला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि आपलं नगरही त्याच इलाख्यात. हेलिओग्राफ म्हणजे तिकाटण्यावर बसवलेला आरसा. सूर्याचा कवडसा समोरच्या डोंगरावर पाडायचा आणि झडप उघडझाप करून किंवा आरसा हलवून मोर्स कोडमध्ये निरोप धाडायचा. लष्कराने तो कित्येक वर्षं वापरला. ऊन असलं की काही दहा किलोमीटर निरोप जायचा, ढग आला की काम बंद.

पुढं १८८० मध्ये टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने सहकारी चार्ल्स टेंटरबरोबर फोटोफोन केला. बोलण्याने थरथरणाऱ्या आरशावरून सूर्यप्रकाश सोडला आणि २०० मीटरहून थोडं लांब आवाज पोचवला, तोही तारेशिवाय. बेलला स्वतःला हा शोध टेलिफोनपेक्षाही मोठा वाटायचा. पण धुकं, पाऊस, ढग यांच्यापुढं त्याचं काही चाललं नाही. मग रेडिओ आला. त्याला ढगांची फारशी पर्वा नव्हती. प्रकाश मागं पडला.

प्रकाशाचं पुनरागमन झालं ते काचेतून. १९६० मध्ये पहिला लेझर चमकला. पंजाबात जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानींसारख्या शास्त्रज्ञांनी काचेच्या केसाएवढ्या धाग्यातून प्रकाश वळवून नेता येतो हे दाखवलं होतंच. हवेतल्या प्रकाशाला ढग अडवतो ना? मग त्याला काचेच्या नळीत घालून जमिनीखालून नेऊ. हेच ऑप्टिकल फायबर. ते बघायला फार लांब जायची गरज नाही. नगरहून दोन-अडीच तासांवर छत्रपती संभाजीनगरला स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ऑप्टिकल फायबर बनवते.

दुसऱ्या दिशेला, नगर-कल्याण हायवेने आळेफाट्यावरून नारायणगावाकडं वळलात तर खोडदला जीएमआरटी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी या डिश टिपतात आणि तो सिग्नल लेझरच्या प्रकाशावर स्वार होऊन फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतो. त्याच नारायणगावजवळ आर्वीला विक्रम भू-केंद्र आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या भल्यामोठ्या डिशने देशाचे परदेशी फोन उपग्रहावरून जोडायला सुरुवात केली. म्हणजे आपल्या पारनेर-संगमनेरच्या सीमेला लागूनच या विषयाचा अख्खा इतिहास उभा आहे. शाळेच्या सहलीत तो आपण बसच्या खिडकीतून बघतो आणि पुढं अष्टविनायकाला जातो.

अंतराळात प्रकाशाला मोकळं रान

मग आता पुन्हा मोकळ्या जागेतल्या प्रकाशाची एवढी चर्चा का? कारण अंतराळात ना धूळ, ना धुकं, ना ढग. बेलला जे नडलं ते तिथं नाहीच. शिवाय पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, काचेच्या फायबरमध्ये सुमारे २ लाख. लांब अंतरावर हा फरक जाणवतो.

२००१ मध्ये युरोपच्या आर्टेमिस उपग्रहाने फ्रान्सच्या स्पॉट-४ उपग्रहाकडून लेझरवरून डेटा घेतला. वेग होता सेकंदाला ५० मेगाबिट. २०२३ मध्ये नासाच्या टीबर्ड नावाच्या, टिश्यू पेपरच्या खोक्याएवढ्या यंत्राने कक्षेतून जमिनीवर २०० गिगाबिटचा वेग गाठला. त्याच वर्षी ११ डिसेंबरला सायकी यानाने सुमारे ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून एका मांजराचा १५ सेकंदांचा व्हिडिओ पृथ्वीवर पाठवला. वेग २६७ मेगाबिट, पोचायला लागले १०१ सेकंद. लेझर पॉइंटरच्या ठिपक्यामागं पळणारं मांजर होतं ते. तेवढ्या लांबून, आणि अकोल्यात बसलेल्या माणसाच्या फोरजीपेक्षा भारी वेगात!

स्टारलिंकचा सगळा डोलारा याच तंत्रावर उभा आहे. त्यांच्या नव्या उपग्रहांवर प्रत्येकी तीन लेझर असतात आणि एका लेझर लिंकवरून सेकंदाला १०० गिगाबिटपर्यंत डेटा जाऊ शकतो. २०२४ च्या सुरुवातीला कंपनीने सांगितलं की असे ९ हजारांहून जास्त लेझर आभाळात चालू आहेत. एक उपग्रह दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे डेटा ढकलतो. ज्या उपग्रहांवर असे लेझर नाहीत, उदाहरणार्थ वनवेबचे पहिल्या पिढीतले उपग्रह, त्यांना डेटा उतरवायला नजरेच्या टप्प्यात जमिनीवरचं केंद्र लागतंच.

यातलं खरं अवघड काम नेम धरण्याचं. लेझरचा झोत इतका बारीक की १ हजार किलोमीटरवर तो जेमतेम १० मीटर रुंद होतो. समोरचा उपग्रह पळतोय सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटरने. प्रकाश तिथं पोचेपर्यंत उपग्रह २५ मीटर पुढं गेलेला असतो. म्हणजे तो दिसतो तिथं नेम धरला तर चुकणारच. सीमारेषेकडं पळणाऱ्या फिल्डरला बॉल टाकताना तो जिथं असेल तिथं टाकतात तसं. फक्त इथं दोघंही पळतायत, स्वतःही थरथरतायत आणि ढळायची मुभा काही मीटरची.

भारतातही काम चालू आहे. मार्च २०२१ मध्ये इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने ३०० मीटर मोकळ्या हवेतून प्रकाशकणांच्या साहाय्याने क्वांटम पद्धतीचा सुरक्षित संदेश पाठवून दाखवला. जून २०२५ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने कॅम्पसमध्येच १ किलोमीटरवर क्वांटम संदेशवहनाचा प्रयोग जाहीर केला. अंतर छोटं आहे. पण जमिनीलगतच्या हवेतला एक किलोमीटर अंतराळातल्या शेकडो किलोमीटरपेक्षा त्रासदायक असतो, हे लक्षात ठेवा.

पण तुमच्या पत्र्यावर रेडिओच

कट्ट्यावरच्या चर्चेत एक गोष्ट हमखास सुटते. स्टारलिंकचे लेझर उपग्रह ते उपग्रह चालतात. उपग्रहापासून तुमच्या घरावरच्या डिशपर्यंत मात्र रेडिओ लहरीच येतात. कारण सरळ आहे. मध्ये ढग असतात.

आणि रेडिओचा झोत लेझरसारखा बारीक नसतो. तो जमिनीवर पडतो तेव्हा कित्येक गावं एकदम भिजवतो. त्या झोतात जेवढी क्षमता आहे ती सगळ्यांना वाटून घ्यावी लागते. एक हिशोब करू. नोव्हेंबर २०२४ मध्ये गेलेल्या इस्रोच्या जीसॅट-एन२ उपग्रहाची एकूण क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट. एचडी व्हिडिओला माणशी ५ मेगाबिट धरले तर ९,६०० जणांनी एकाच वेळी व्हिडिओ लावला की उपग्रह फुल्ल. एका मोठ्या कॉलेजच्या गॅदरिंगला एवढी गर्दी होते. स्टारलिंककडे हजारो उपग्रह आहेत हे खरं, पण आपल्या डोक्यावर एका वेळी त्यातले थोडेच असतात. फायबरच्या एका जोडीतून मात्र आज सेकंदाला कित्येक टेराबिट जातात, म्हणजे अशा अनेक उपग्रहांएवढा डेटा.

आणखी एक. उपग्रह सेवांसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये जे सुरक्षेचे नियम काढले, त्यानुसार भारतातल्या ग्राहकाचा डेटा भारतातल्याच गेटवेवर उतरवावा लागतो. म्हणजे लेझरने तो कितीही फिरला तरी शेवटी जमिनीवर येऊन फायबरलाच मिळणार. उपग्रह फायबरला पर्याय नाही. जिथं फायबर पोचत नाही तिथपर्यंतचा तो पूल आहे.

नगरच्या माणसाला हे एका शब्दात सांगता येतं. टँकर. उपग्रहाचं इंटरनेट म्हणजे टँकर आणि फायबर म्हणजे पाइपलाइन. टँकर लवकर येतो, रस्ता नसलेल्या वाडीवरही कसाबसा पोचतो, दुष्काळात जीव वाचवतो. त्याला नावं ठेवायचं काम नाही. पण ज्या गावाला दरवर्षी टँकर लागतो त्या गावाला विचारा. टँकर सुरू झाला की पाइपलाइनची फाइल खाली जाते. टँकर वाटून घ्यावा लागतो, त्याची वेळ आपण ठरवत नाही आणि बिल दरवर्षी येतं. भीती ही आहे. आभाळातला टँकर आला म्हणून जमिनीतली पाइपलाइन विसरली जाऊ नये.

ती पाइपलाइन कागदावर आहेच. ग्रामपंचायती फायबरने जोडायचं काम २०११ पासून सुरू आहे, पुढं त्याचंच नाव भारतनेट झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या सुधारित आराखड्यासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर केले. एवढ्या पैशांत आपल्या शेवटच्या वाडीचा वाटा किती, हे विचारायला कुणी लाजायची गरज नाही.

डोंगरावरून डोंगराकडं

कुणी म्हणेल, अकोल्याच्या कड्याकपारीत फायबर टाकणं सोपं आहे का? खडक फोडायचा, वनखात्याची परवानगी काढायची, आणि पहिल्याच पावसात दरड कोसळली की केबल तुटली. मुद्दा बिनतोड आहे. पण मधला एक मार्ग आहे, आणि तो पुन्हा प्रकाशाचाच आहे.

आफ्रिकेत काँगो नदीच्या दोन काठांवर ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही दोन शहरं समोरासमोर आहेत. नदी खोल आणि वेगवान. फायबर न्यायचं तर ४०० किलोमीटरहून जास्त वळसा. गूगलची मातृसंस्था असलेल्या अल्फाबेटच्या तारा प्रकल्पाने दोन्ही काठांवर एकेक यंत्र उंचावर बसवलं आणि मधलं ४.८ किलोमीटरचं अंतर अदृश्य प्रकाशाच्या झोताने जोडलं. २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २० दिवसांत या झोतावरून सुमारे ७०० टेराबाइट डेटा गेला आणि त्या काळात लिंक ९९.९ टक्के वेळ चालू होती. ही यंत्रं आधी आभाळातल्या फुग्यांमध्ये डेटा पाठवायला बनवली होती. फुग्यांचा प्रकल्प बंद पडला, झोत उरला. आपल्याकडं आंध्र प्रदेशने असे २ हजार दुवे उभारायचा करार डिसेंबर २०१७ मध्येच केला होता.

आता अकोल्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. दरीच्या या अंगाला रस्त्यावरचं गाव, त्या अंगाला वाडी. पायवाटेने दोन तास, सरळ रेषेत दोन किलोमीटर. खोदकाम नाही, झाड तोडायचं नाही, दोन खांब आणि दोन्हीकडं सोलरवर चालणारी यंत्रं. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटरचं कळसूबाई, याच तालुक्यात आहे. नजरेच्या टप्प्याची इथं काय कमी?

कमी आहे ती मोकळ्या हवेची. जुलैत घाटघरला दहा फुटांवरचं दिसत नाही, तिथं लेझर काय करणार? म्हणून नुसता प्रकाश पुरणार नाही. जोडीला छोटी रेडिओ लिंक हवी. धुकं आलं की वेग कमी होईल, पण लिंक तुटणार नाही. प्रवेशाचा फॉर्म भरायला गिगाबिट लागत नाही. जे थोडं लागतं ते शेवटच्या तारखेला चालू असावं, एवढंच.

न पडणारे ढग

याच जिल्ह्याचा दुसरा चेहरा म्हणजे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी. पर्जन्यछायेचा प्रदेश. इथं आभाळ बरेच महिने मोकळं असतं. उपग्रहावरून जमिनीवर लेझर उतरवायचा तर असंच आभाळ लागतं. नासाने आपल्या लेझर रिलेसाठी कॅलिफोर्निया आणि हवाई अशा दोन लांबच्या जागा निवडल्या त्या यासाठीच. एकीकडं ढग आले तर दुसरीकडं उतरवा. उद्या भारताला अशी केंद्रं लागतील तेव्हा एकापेक्षा जास्त जागा शोधाव्या लागतील.

लगेच हुरळून जायचं कारण नाही. आपल्याकडचे ढग कसे असतात हे शेतकऱ्याला विचारा. येतात, दाटतात, न पडता निघून जातात. पिकाला त्यांचा उपयोग नाही आणि लेझरला त्यांचा अडथळा आहेच. आपल्या शेजारी गिरवलीला आयुकाची २ मीटरची दुर्बीण आहे. तीही पावसाळ्यात बंद ठेवावी लागते. त्यामुळं ‘आमचं आभाळ मोकळं आहे’ हे नुसतं म्हणून भागणार नाही, मोजून दाखवावं लागेल. किती रात्री निरभ्र, किती तास सलग, कोणत्या महिन्यात धूळ किती.

आणि मोजणार कोण? इथं आपला नंबर लागतो. संगमनेर, लोणी, कोपरगाव, विळद घाट, जिल्ह्यात इंजिनीअरिंग कॉलेजं काही कमी नाहीत. ई अँड टीसीला फायबर ऑप्टिक्स शिकवतात. पण फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून दरवर्षी तीच लाइन फॉलोअर गाडी आणि तोच स्मार्ट डस्टबिन. त्याऐवजी हॉस्टेलच्या दोन गच्च्यांमध्ये कमी ताकदीची, डोळ्याला धोका नसलेली लिंक लावा आणि ती एक अख्खा पावसाळा चालू ठेवून रोजची नोंद करा. किती पाऊस, किती धुकं, किती वेळ लिंक तुटली. अकोल्यातल्या कॉलेजच्या पोरांनी हेच त्यांच्या हवेत करावं. फिजिक्सवाल्यांनी गच्चीवर आभाळाकडं तोंड केलेला साधा कॅमेरा लावून ढगांची वही ठेवावी. बीसीएवाल्यांनी तो डेटा नीट मांडावा. खर्च एका गॅदरिंगच्या डीजेपेक्षा कमी. (बाजारातला हिरवा लेझर आभाळाकडं मारायचा नाही. वैमानिकाचे डोळे दिपतात, आणि शिर्डीचं विमानतळ आपल्याच जिल्ह्यात आहे.)

एक पावसाळ्याचा खरा डेटा हातात असला की बोलणं बदलतं. मग आपण ‘आम्हाला रेंज द्या हो’ असं म्हणत नाही. आपण सांगतो की या दरीवर वर्षातले इतके दिवस प्रकाश चालतो, इतके दिवस रेडिओ लागतो, खांब इथं बसवा.

मागणी नेमकी हवी

सरकारकडं मागायचं तर नेमकं मागू या. पहिलं, इंटरनेटचे आकडे जिल्ह्याचे नकोत, गावनिहाय आणि वाडीनिहाय हवेत, आणि ते पावसाळ्यातले हवेत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डबा बसला म्हणजे गाव जोडलं असं धरू नका. डबा चालू आहे का, हे विचारा.

दुसरं, उपग्रह जोडणीच्या पुढच्या यादीत तालुका हे एकक धरा. अकोल्याचा आदिवासी पट्टा केवळ श्रीमंत जिल्ह्यात आहे म्हणून मागं राहता कामा नये. राजूरच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाखालच्या आश्रमशाळा, वसतिगृहं आणि आरोग्य केंद्रं यांच्यापासून सुरुवात करा. प्रत्येक घराला डिश परवडणार नाही, पण आश्रमशाळेतली एक डिश अख्ख्या वस्तीच्या पोरांचे फॉर्म भरू शकते.

तिसरं, जिथं उपग्रहाची जोडणी द्याल तिथं फायबर किंवा डोंगर ते डोंगर लिंक कधी पोचेल, ती तारीखही त्याच कागदावर लिहा. टँकरच्या मंजुरीबरोबर पाइपलाइनची तारीख. बस, एवढी एक अट घातली तरी पुष्कळ.

आणि चौथं आपल्यासाठी. सह्यांच्या मोहिमा, स्टोऱ्या, हॅशटॅग हे सगळं चालू द्या. पण अकोल्यातली मैत्रीण शेवटच्या तारखेला फोन करून ‘माझा फॉर्म तू भरतोस का’ म्हणते, तेव्हा तो भरून द्या आणि वेळ, तारीख, गाव वहीत लिहून ठेवा. अशा शंभर नोंदी जमल्या तर त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवता येतील. तिथं सरासरी दाखवून कुणाला आपली बोळवण करता येणार नाही.

लेझर कोट्यवधी किलोमीटरवरून मांजर दाखवू शकतो हे सिद्ध झालंय. साम्रदच्या पोरीचा ऑप्शन फॉर्म जुलैच्या पावसात वेळेवर सबमिट होतो का, हे अजून सिद्ध व्हायचंय.